विठोबा थांबतो, आजार थांबत नाही



वयोमानामुळे कीर्तनाची सेवा थांबवून आता काही वर्षे झाली. गळा थकला, फार वेळ उभे राहवत नाही. तरी गावोगावची माणसे येतात, ओट्यावर बसतात, मनातले विचारतात. त्यांतला एक प्रश्न कोरोनाच्या दोन वर्षांत फार वेळा आला आणि अजूनही येतो. मुलगा सांगतो, "महाराज, बाबांना ताप आहे, खोकला आहे, दोन पावले चालले की दम लागतो. पण दवाखान्याचे नाव काढू देत नाहीत." आणि बाबांना विचारावे तर ते म्हणतात, "काहाले नेता मले? पांडुरंगाच्या मनात असन तसं होईन."

हे बोलणे कानाला गोड लागते. ज्याच्या गळ्यात तुळशीची माळ आहे, ज्याने चाळीस-पन्नास वाऱ्या केल्या आहेत, त्याच्या तोंडून असे शब्द निघाले की घरातली माणसे गप्प बसतात. देवाचे नाव पुढे केल्यावर सून काय बोलणार आणि नातू काय बोलणार? म्हणूनच याचा विचार झाला पाहिजे. पांडुरंगावर भार टाकणे आणि उपचार टाळणे या दोन गोष्टी एकच आहेत काय? याला निष्ठा म्हणावे काय?

उत्तर शोधायला फार लांब जायला नको. विटेपाशीच जाऊ. पुंडलिक आईवडिलांच्या सेवेत होता आणि देव दाराशी आला. पुंडलिकाने हातातली सेवा सोडली नाही. त्याने वीट फेकली आणि देवाला तिच्यावर उभे राहायला सांगितले. देव रागावला नाही, परत फिरला नाही, उभा राहिला. तो अजून उभा आहे. आपल्या दैवताचे रूपच मुळी थांबण्याचे आहे. दुसऱ्या देवांच्या हातांत शस्त्रे आहेत, आपल्या देवाचे हात कमरेवर आहेत. आणि तो थांबला कशासाठी? दोन थकलेल्या देहांची सेवा पुरी व्हावी म्हणून. जो देव माणसाच्या सेवेसाठी स्वतः ताटकळत राहिला, तो भक्त आधी दवाखान्यात गेला म्हणून रुसेल, असे मानणे म्हणजे विठोबाला ओळखलेच नाही असे झाले.

विठोबा थांबतो. आजार मात्र थांबत नाही. या लेखात मला एवढेच सांगायचे आहे. बाकी सारा विस्तार आहे.

कोणी म्हणेल, साथ तर ओसरली, आता हा विषय कशाला? जागतिक आरोग्य संघटनेने ५ मे २०२३ रोजी आणीबाणी संपल्याचे जाहीर केले हे खरे. पण विषाणू जगातून गेलेला नाही. तो रूप बदलून अधूनमधून येतो, आणि म्हाताऱ्या, मधुमेही, दमेकरी, हृदयाचे किंवा मूत्रपिंडाचे दुखणे असलेल्या माणसाला अजूनही जड जाऊ शकतो. आपल्या दिंड्यांत अशीच माणसे पुष्कळ असतात. शिवाय प्रश्न एका रोगाचा नाही. आजार लपवावा की सांगावा, हा प्रश्न प्रत्येक साथीत उभा राहतो.

आपल्या वाशिम जिल्ह्यावरून काय गेले ते आठवून पाहा. ९ मार्च २०२० रोजी राज्यातले पहिले रुग्ण पुण्यात सापडले. १७ मार्चला पंढरीचे मंदिर दर्शनासाठी बंद झाले. एप्रिलच्या आरंभी आपल्या जिल्ह्यात पहिला रुग्ण आढळला. त्या वर्षी आषाढी एकादशी १ जुलैला होती. ज्ञानोबा-तुकोबांच्या पादुका आदल्या दिवशी एसटीच्या गाडीतून, मोजक्या माणसांसह पंढरीला गेल्या. शेगावहून गजानन महाराजांची पालखी दरवर्षी पातूर ओलांडून मेडशी, मालेगाव, शिरपूर, रिसोड अशी आपल्या जिल्ह्यातून जाते. ती त्या वर्षी आली नाही, पुढच्या वर्षीही आली नाही. चहा, फराळ, पाणी घेऊन रस्त्याच्या कडेला उभी राहणारी गावे नुसता रस्ता पाहत राहिली. ज्यांनी आयुष्यात कधी वारी चुकवली नव्हती अशी माणसे त्या दिवसांत उंबऱ्यावर बसून रडलेली मी पाहिली आहेत.

मग २०२१ चा फेब्रुवारी आला. दुसऱ्या लाटेची झळ आधी आपल्या वऱ्हाडालाच लागली. रिसोड तालुक्यात देगाव येथे एका निवासी शाळेतले दोनशेहून अधिक विद्यार्थी बाधित निघाले. एका छताखाली राहणे, जेवणे, झोपणे जिथे असते तिथे हा रोग किती वेगाने फिरतो हे त्या वेळी सगळ्यांना कळले. पुढे एप्रिल-मे महिन्यांत खाटांसाठी आणि प्राणवायूसाठी लोकांची जी धावपळ झाली ती वेगळी सांगायला नको. ज्याच्या घरी झाली त्याला ती विसरता येत नाही.

आता हा आजार आहे तरी काय, ते साध्या शब्दांत पाहू. जे समजत नाही त्याची एक तर भीती वाटते, नाही तर त्याची थट्टा सुचते, आणि दोन्हींनी माणसे दगावतात. हा विषाणू मुख्यतः श्वासावाटे पसरतो. आजारी माणूस खोकला, शिंकला, बोलला, गायला की बारीक तुषार हवेत जातात. बंद खोलीत ते बराच वेळ तरंगत राहतात. बाधा झाली की बहुधा काही दिवसांत ताप, घसादुखी, खोकला, अंगदुखी, थकवा, कधी जुलाब अशी लक्षणे दिसतात. वास किंवा चव जाण्याचे लक्षण सुरुवातीच्या काळात पुष्कळांना होते. बहुतेक लोक घरच्या घरी विश्रांतीने बरे होतात. पण काहींच्या बाबतीत आठवडाभराच्या सुमारास आजार फुफ्फुसात उतरतो. फसगत होते ती इथेच. रक्तातला प्राणवायू कमी होत असतो आणि माणूस मात्र खाटेवर बसून बोलत असतो, हरिपाठ म्हणत असतो. घरच्यांना वाटते, बरे आहे. तोवर आतले भांडे रिते होत आलेले असते.

म्हणून बोटाला लावायचे ते छोटे यंत्र, ऑक्सिमीटर, उपयोगी पडते. गावच्या आशाताईंकडे ते असायचे. २०२० च्या सप्टेंबरात 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' ही मोहीम निघाली तेव्हा त्या ते घेऊन घरोघर फिरल्या. आकडा ९४ च्या खाली आला तर घरी बसायचे नाही, डॉक्टर गाठायचा. ९० च्या खाली आला तर एक घटकाही दवडायची नाही. बोट गार असेल किंवा नखाला रंग असेल तर आकडा चुकू शकतो, म्हणून बोट चोळून ऊब आणून पुन्हा पाहावे. आणि आकडा काहीही असो, बसल्या जागी दम लागणे, छातीत दुखणे, ओठ निळसर पडणे, माणूस बरळू लागणे किंवा जागे करूनही नीट जागा न होणे, यांपैकी काही दिसले की थेट रुग्णालय.

आता आपल्या संप्रदायाशी जुळणारी एक गोष्ट सांगतो. ती आपल्याकडची नाही, अमेरिकेतली आहे. तिथे वॉशिंग्टन राज्यात एका गायकवृंदाचे लोक १० मार्च २०२० रोजी सरावाला जमले होते. जवळजवळ बसून अडीच तास समूहगान झाले. हजर होते ६१ जण. त्यांतल्या एकाला सर्दीसारखी लक्षणे होती. पुढच्या काही दिवसांत त्या ६१ पैकी ५३ जण आजारी पडले किंवा बाधित ठरले, आणि दोघे दगावले. तिथल्या सरकारी आरोग्य यंत्रणेने याची बारकाईने चौकशी करून नोंद केली आहे. ती माणसे देवळात बसून भजन करीत नव्हती. पण टाळकऱ्यांच्या दोन ओळी समोरासमोर उभ्या राहून चढ्या आवाजात चाल धरतात तेव्हा काय होत असेल, ते ओळखायला शास्त्रज्ञ लागत नाही. बोलण्यापेक्षा मोठ्याने गाण्यातून तुषार अधिक उडतात. गळा हे आपले साधन. आपण नाम गळ्यातूनच वाटतो. आजारी गळ्यातून नामाबरोबर आणखी काय वाटले जाते, याचे भान कीर्तनकाराला, चोपदाराला आणि टाळकऱ्याला असले पाहिजे.

इथवर आजाराचे झाले. आता पूर्वपक्ष मांडतो, म्हणजे उपचार टाळणाऱ्या भाविक माणसाची बाजू. ती अडाणीपणाची म्हणून झटकू नये. तिला विचाराने उत्तर दिले पाहिजे.

पहिला आक्षेप प्रारब्धाचा. "ज्याची दोरी तुटायची त्याची तुटणारच. डॉक्टर काय करणार?" यावर शास्त्राचे म्हणणे ध्यानात घ्या. कर्माचे तीन भाग सांगितले आहेत: संचित, प्रारब्ध आणि क्रियमाण. साठलेले ते संचित, भोगायला आलेले ते प्रारब्ध आणि आज, आत्ता आपल्या हातून घडते ते क्रियमाण. ताप आला हे प्रारब्ध म्हणा, हरकत नाही. ताप आल्यावर मी काय करतो, हे क्रियमाण आहे. ते माझ्यावर आहे. प्रारब्ध काय होते ते गोष्ट घडून गेल्यावरच कळते. आधीच त्याचे नाव घेऊन बसणे म्हणजे न वाचलेल्या पत्राचा मजकूर सांगणे. आणखी एक पाहा. शेतात सोयाबीनवर अळी पडली तर आपण प्रारब्ध म्हणून धुऱ्यावर बसत नाही, फवारणी करतो. बैलाला लाळ्या-खुरकूत झाली तर पशुवैद्याला बोलावतो. प्रारब्धाची आठवण फक्त स्वतःच्या आणि घरातल्या म्हाताऱ्यांच्या दुखण्याच्या वेळीच व्हावी, यात परमार्थ थोडा आणि कंटाळा, भीती किंवा खर्चाची काळजी अधिक असते.

दुसरा आक्षेप असा: "महाराज, तुम्हीच कीर्तनात सांगता की देह नाशिवंत आहे. मग त्याचे इतके लाड कशाला?" देह नाशिवंत आहे हे आपण सांगतो ते देहाचा अभिमान सुटावा म्हणून. देहाची हेळसांड व्हावी म्हणून ते सांगितलेले नाही. नरदेह दुर्लभ आहे, हेही आपण त्याच कीर्तनात सांगतो. नाम घ्यायला जीभ याच देहाची, वारीला पाय याच देहाचे. दुसऱ्याचे ओझे कोणी ओसरीवर ठेवायला दिले आणि आपण ते पावसात भिजू दिले, तर 'वस्तू नाशिवंत होती' असे म्हणून सुटका होईल काय? देह ही तशीच ठेव आहे. देणारा मागेल तेव्हा देऊ, तोवर सांभाळू. आणि ज्याला स्वतःच्या देहाचे खरोखर काही वाटत नाही, त्यानेही शेजाऱ्याच्या देहाचा विचार करावा. माझा देह नाशिवंत म्हणून मी उपचार टाळीन, पण त्या पायी घरातल्या गरोदर सुनेचा, दमेकरी भावाचा आणि माझ्या पाया पडायला येणाऱ्या पोरांचा देह पणाला लावण्याचा अधिकार मला कोणी दिला? वैराग्य स्वतःच्या खर्चाने करायचे असते.

तिसरा आक्षेप नेमांचा आहे, आणि तो मोठा नाजूक आहे. दवाखान्यात गेले की माळ काढायला लावतील. एकादशीला गोळ्या खाव्या लागतील, उपास मोडेल. नर्स कोणाच्या हातचे देईल. डॉक्टर अंडी खा म्हणतील. या भीतीने थांबलेली माणसे मला माहीत आहेत. त्यांना मी सांगतो: आजाऱ्याला नेमांची सूट शास्त्रानेच दिली आहे, ती मागायला कोणाकडे जायचे नाही. त्याला आपद्धर्म म्हणतात. तपासणीसाठी माळ काढावी लागली तर मुलाच्या हाती द्या, बरे झाल्यावर पुन्हा घाला. माळ गळ्यातून निघते, मनातून निघत नाही. मधुमेही माणसाने तापात उपास करणे धोक्याचे आहे. औषधाने एकादशी बाटत नाही. अंडे नको असेल तर डॉक्टरांना तसे स्पष्ट सांगा. वरण, दूध, दही, शेंगदाणे, मोड आलेली मटकी यांतूनही बळ मिळते, आणि डॉक्टर ते ऐकून घेतात. नेम माणसाला देवाकडे नेण्यासाठी आहेत. दवाखान्याच्या दारात अडवण्यासाठी ते कोणी घालून दिले नाहीत.

नाथांची गोष्ट आपण सगळ्यांनी ऐकली आहे. काशीहून रामेश्वराला नेण्यासाठी कावडीत गंगा भरलेली. वाटेत वाळवंटात एक गाढव तहानेने तडफडत होते. नाथांनी ते पाणी त्याच्या तोंडात ओतले. बरोबरचे हळहळले, यात्रा वाया गेली म्हणून. नाथांना मात्र रामेश्वर तिथेच भेटला. गाढवाच्या प्राणासाठी ज्यांनी यात्रेचा संकल्प बाजूला ठेवला, त्यांचे नाव घेणाऱ्या आपण माणसाच्या प्राणासाठी एक सप्ताह, एक एकादशी, एक वारी बाजूला ठेवू शकत नाही काय?

आता चौथी गोष्ट. ती कोणी आक्षेप म्हणून मांडत नाही, पण तीनही आक्षेपांच्या मागे तीच लपलेली असते. ती म्हणजे लोकांची भीती. आजार कळला तर गाव काय म्हणेल? दारावर कागद चिकटवतील. दूधवाला येणार नाही. शेजारी दार लावून घेतील. मेलो तर चार खांदे मिळणार नाहीत, पिशवीत गुंडाळून परकी माणसे नेतील. ही भीती खोटी नव्हती. २०२० साली असे गावोगाव घडले आहे. म्हणून आजार लपवणाऱ्याला दोष देण्याआधी गावाने स्वतःला विचारले पाहिजे की त्याला सांगण्यासारखी जागा आपण ठेवली होती काय.

इथे मला दोन शब्द वेगळे करून दाखवायचे आहेत: अंतर आणि अव्हेर. अंतर म्हणजे रोग पसरू नये म्हणून चार हात लांब राहणे. अव्हेर म्हणजे माणूसच टाकून देणे. अंतर ठेवूनही दारात जेवणाचा डबा ठेवता येतो, फोनवर हरिपाठ म्हणता येतो, त्याच्या गोठ्यातल्या गाईला चारा घालता येतो, त्याच्या वावरातले पीक काढून देता येते. अव्हेरात यांतले काहीच उरत नाही. आपल्या संप्रदायाला अव्हेराचे दुःख नवे नाही. चोखोबांना महाद्वाराबाहेर उभे केले गेले. मंगळवेढ्यात भिंत कोसळून त्यांचा अंत झाला, तेव्हा त्यांच्या अस्थी आणायला नामदेवराय गेले, आणि आज महाद्वारासमोर त्यांची समाधी आहे. ज्यांना समाजाने लांब ठेवले त्यांना नामदेवरायांनी जवळ आणले. त्या परंपरेतला माणूस आजाऱ्याकडे पाठ फिरवील तर त्याने टाळ कशासाठी धरले?

१८९७ चा प्लेग आठवा. पुण्यात माणसे गावे सोडून पळत होती. त्या वेळी सावित्रीबाई फुले यांनी मुंढव्याच्या एका आजारी मुलाला पाठीवर घेऊन आपल्या मुलाच्या, डॉक्टर यशवंतरावांच्या दवाखान्यात पोचवले. त्यातच त्यांना बाधा झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. त्या कीर्तनकार नव्हत्या, वारकरी नव्हत्या. पण आजाऱ्याला उचलून उपचारापर्यंत नेणे ही पूजा आहे, हे त्यांच्याकडून शिकण्यात कमीपणा नाही. आपल्या वऱ्हाडचे गाडगेबाबा तर कीर्तनकारच. दिवसा गावात झाडू मारायचा आणि रात्री कीर्तन करायचे, हा त्यांचा क्रम. आधी उकिरडा, मग उपदेश. साथ आणि घाण यांचे नाते ज्याने ओळखले, त्याचे ते कीर्तन होते.

आणि लसीबद्दल कोणी कुरकुर केली तर त्याला पंढरीचाच इतिहास सांगावा. मागच्या काळात यात्रेत पटकीच्या साथी पुन्हा पुन्हा यायच्या. शुद्ध पाणी, साफसफाई आणि यात्रेकरूंना टोचायची लस यांनी ते संकट आटोक्यात आणले. म्हणजे आज आपण निर्धास्त चंद्रभागेत उतरतो त्यामागेही कोणाच्या तरी सुईचे पुण्य आहे. कोरोनाची लस आपल्या देशात १६ जानेवारी २०२१ पासून मिळू लागली आणि १ मार्चपासून साठी ओलांडलेल्यांना खुली झाली. लस घेतलेल्यालाही बाधा होऊ शकते. पण आजार विकोपाला जाण्याचा धोका पुष्कळ कमी होतो.

आता एक कठीण प्रसंग सांगतो. आमच्या भागातल्या एका दिंडीचे वीणेकरी होते. २०२१ च्या उन्हाळ्यात त्यांना ताप आला. घरात मंगलकार्य जवळ आलेले. त्यांनी पाच दिवस ताप कोणाला सांगितला नाही. काढा घेतला, अंगारा लावला आणि माळ ओढत राहिले. सहाव्या दिवशी बोलताना धाप लागू लागली. मग नेले, पण फार उशीर झाला होता. त्याच सुमारास त्यांच्या पत्नीलाही दम लागला. त्यांना मुलाने त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात दाखल केले. प्राणवायू लावला, आणि बऱ्याच दिवसांनी त्या घरी आल्या. पुढे त्या माउली मला भेटल्या. म्हणाल्या, "महाराज, ते तं देवाचं नाव घेत गेले. मंग त्यायचं चुकलं का?"

या प्रश्नापुढे पोथी मिटून ठेवावी लागते. मी त्यांना म्हणालो, "माय, नाव घेत गेले, त्यांची गती चुकली नाही. वेळेवर गेलेलेही काही परत आले नाहीत, म्हणून ते वाचलेच असते असे मी म्हणणार नाही. फळ कोणाच्याच हाती नाही. पण ते पाच दिवस आपल्या हातचे होते, आणि ते कोणी मागूनही आता मिळत नाहीत." त्या बराच वेळ बसल्या. जाताना म्हणाल्या, "मंग हे सांगा लोकायले." म्हणून सांगतो आहे.

गेलेल्याला दोष देऊ नये. राहिलेल्यांनी शहाणे व्हावे. करायचे काय, ते थोडक्यात असे.

ताप, खोकला, घसादुखी सुरू झाली की पहिल्याच दिवशी घरात सांगावे. वेगळ्या, हवेशीर खोलीत राहावे, तोंडाला मास्क लावावा, सप्ताहात, पंगतीत, भजनात जाऊ नये. दर्शनाला आलेल्यांना पायाला हात लावू देऊ नये. लांबून हात जोडले तरी नमस्कार पोचतो. साठीच्या पुढचे आणि मधुमेह, रक्तदाब, दमा, हृदयविकार असलेले यांनी वाट न पाहता प्राथमिक आरोग्य केंद्र किंवा ग्रामीण रुग्णालय गाठावे. काही औषधे आजाराच्या पहिल्या थोड्या दिवसांतच कामाची असतात, म्हणून लवकर जाण्याला अर्थ आहे. डॉक्टर सांगतील ती तपासणी करून घ्यावी, आणि चालू असलेल्या गोळ्यांची चिठ्ठी बरोबर न्यावी. मधुमेहाच्या आणि रक्तदाबाच्या गोळ्या मनाने बंद करू नयेत.

काढा, हळद-दूध, वाफ यांनी बरे वाटत असेल तर डॉक्टरांना सांगून घ्यावे, पण औषधाच्या जागी नको. मेडिकलमधून कोणाच्या सांगण्यावरून स्टिरॉइड आणू नये. प्राणवायू कमी झालेल्या रुग्णाला ते डॉक्टरच्या देखरेखीत जीवदान देते. तेच सौम्य आजारात किंवा मधुमेहात मनाने घेतले तर घात करते. २०२१ साली काळ्या बुरशीच्या रोगाने कितीकांचे डोळे आणि जबडे गेले, त्यामागचे हे एक मोठे कारण होते. अँटिबायोटिक गोळ्या विषाणूवर चालत नाहीत. सलाईनची बाटली लावली म्हणजे उपचार झाला, हा समजही सोडावा.

दम लागला तर १०८ क्रमांकाला फोन करावा. ती रुग्णवाहिका फुकट येते. सल्ला हवा असेल तर १०४ आहे. मोठ्या रुग्णालयात महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना लागू असेल तर तिथे आरोग्यमित्र बसलेला असतो. आधार आणि शिधापत्रिका घेऊन त्याला भेटावे आणि खर्चाचे आधीच विचारावे. पैशाच्या भीतीने गेलेले जीव फार आहेत, आणि त्यांतले काही नुसते विचारले असते तरी वाचण्याचा मार्ग होता.

दिंडीप्रमुखांना माझी हात जोडून विनंती आहे. निघण्याआधी प्रत्येक वारकऱ्याच्या आजाराची, औषधांची आणि घरच्या फोनची नोंद वहीत करून ठेवा. एक ऑक्सिमीटर आणि तापमापक वीणेइतकेच जपून बरोबर न्या. मुक्कामाला दारे-खिडक्या उघड्या ठेवा. आणि सगळ्यांसमोर एकदा सांगा: जो आजार सांगेल त्याला आम्ही सोडून पुढे जाणार नाही, दवाखान्यात नेऊ, एक जण त्याच्याजवळ थांबू. हे आश्वासन मिळाले की लपवणारे आपोआप कमी होतील.

राहता राहिले वारी चुकण्याचे दुःख. ते दुःख खरे आहे, त्याला मी हलके म्हणणार नाही. पण कूर्मदास आठवा. हातपाय नसलेला तो भक्त लोळत लोळत पंढरीला निघाला आणि लऊळला येऊन थकला. पुढे जाणे होईना. तेव्हा देव लऊळला आला. सावतोबा अरणचा मळा सोडून पंढरीला गेले नाहीत. देव मळ्यात आला. ज्याला निघता आले नाही त्याच्याकडे विठोबा चालत गेल्याच्या या कथा आपण पिढ्यान्‌पिढ्या गातो. त्या खऱ्या मानत असू तर दवाखान्याच्या खाटेवरच्या वारकऱ्यापाशी तो येणार नाही असे कसे म्हणावे? कदाचित तो तिथे पांढरा अंगरखा घालून प्राणवायूची नळी नीट करीत असेल. ओळखायची आपली तयारी पाहिजे.

तेव्हा माउलींनो, घरात कोणी म्हातारा "पांडुरंगाच्या मनात असन तसं होईन" म्हणाला तर त्याच्याशी वाद घालू नका. त्याला प्रेमाने म्हणा, "बाबा, पांडुरंगाच्या मनात काय आहे ते तोच जाणे. पण त्याने मला मुलगा केले आणि तुम्हाला बाप केले, तेव्हा सेवा माझ्याकडे आहे. चला, गाडी दाराशी आली." पुंडलिकाच्या गावाला जाणाऱ्या माणसाला एवढे पटेल.

पुंडलिकवरदा हरि विठ्ठल.